लेसरने नंबर घालवल्यानंतर: पहिल्या दिवसापासून सहा महिने डोळे कसे सांभाळायचे

लेसर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक तिथीसुद्धा चष्म्याशिवाय वाचता येते. घरचे खूश, आपण खूश. आणि नेमकी तिथूनच हयगय सुरू होते, कारण दिसायला लागलं म्हणजे डोळा बरा झाला असा समज होतो. नजर एका रात्रीत येते. जखम भरायला आठवडे लागतात आणि कापल्या गेलेल्या नसा परत वाढायला सहा महिने ते वर्ष.

नसांची ही बाब आधी नीट समजून घ्या, कारण पुढच्या जवळजवळ सगळ्या सूचना तिच्यावर उभ्या आहेत. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. पण शरीरात संवेदना-तंतूंची सर्वांत दाट वीण तिथेच असते. म्हणून तर डोळ्यात साधं कुसळ गेलं तरी माणूस बेजार होतो. लेसरमध्ये यातले बरेच तंतू तुटतात. मग डोळा कोरडा पडला तरी हवा तेवढा चुरचुरत नाही, पापणी कमी वेळा मिटते, कण अडकला तरी लवकर कळत नाही. तेव्हा या काळात ‘डोळ्याला काही होत नाहीये’ या भावनेवर विसंबू नका. थेंब घड्याळ पाहून घाला आणि पथ्य तारीख पाहून सोडा.

तुमचं ऑपरेशन कोणतं होतं?

हा प्रश्न विचारला की बरेच जण नुसतं ‘लेसर’ म्हणतात. तेवढं पुरत नाही. लेसिकमध्ये कॉर्नियाच्या वरच्या थराचा साधारण १०० ते १२० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा उचलतात, खालच्या भागाला लेसरने आकार देतात आणि पापुद्रा परत बसवतात. टाका नाही, चिकटवणं नाही. पापुद्र्याच्या कडा दिवसभरात वरच्या पेशींनी झाकल्या जातात, पण आतला जोड मूळच्या ताकदीला कधीच येत नाही. जोराचा मार लागून वर्षांनंतरही पापुद्रा सरकल्याची उदाहरणं आहेत. ‘ब्लेडलेस’ किंवा ‘कॉन्टुरा’ या नावांनी जे केलं जातं, त्यातही बहुतेक वेळा पापुद्रा असतोच.

स्माइलमध्ये पापुद्रा नसतो. २ ते ४ मिलिमीटरच्या छेदातून आतली पातळ चकती काढून घेतात. पीआरकेमध्ये वरची त्वचाच काढून खाली लेसर करतात, उघड्या जागेवर संरक्षक कॉन्टॅक्ट लेन्स ठेवतात आणि ३ ते ५ दिवसांत नवी त्वचा येते. लेसिकवाल्याने सरकण्याला जपायचं, पीआरकेवाल्याने जंतू आणि उन्हाला. डोळे चोळायचे नाहीत आणि पाणी जाऊ द्यायचं नाही, हे मात्र तिघांनाही सारखंच. डिस्चार्ज कार्डावर प्रकार लिहिलेला असतो. नसेल तर लिहून मागा. आणि खाली दिलेल्या मुदती साधारण आहेत. तुमच्या सर्जननी जास्त सांगितल्या असतील तर त्यांच्याच पाळायच्या.

पहिले चोवीस तास

घरी एकट्याने जायचं नाही आणि दुचाकीवर मागे बसूनही जायचं नाही. रिक्षा दोन्ही बाजूंनी उघडी असते, वारा आणि धूळ थेट तोंडावर येते. काचा बंद करता येतील अशी गाडी बोलवा. दवाखान्यातून दिलेला गॉगल किंवा शील्ड चढवून डोळे मिटून बसा.

भूल उतरली की लेसिक-स्माइलमध्ये चार ते सहा तास डोळे झोंबतात, वाळू गेल्यासारखे खुपतात, धो धो पाणी येतं. हे अपेक्षित आहे. वेदनेची गोळी दिली असेल तर दुखायला लागण्याआधीच घ्या आणि तीन-चार तास झोपा. झोपेत पापण्या मिटलेल्या राहतात, लेसिकचा पापुद्रा जागेवर बसतो आणि सर्वांत वाईट तास निघून जातात. पाणी गालावर आल्यावर टिपायचं, पापणीला टिश्यू लावायचा नाही.

ऑपरेशनच्या वेळी डोळा बधिर करणारे थेंब घातलेले असतात. ते घरी कधीही वापरू नका, कोणी ओळखीने आणून दिले तरी नाही. दुखणं थांबतं खरं, पण वरची त्वचा भरणं थांबतं आणि कॉर्निया विरघळण्यापर्यंत पाळी येऊ शकते. पीआरकेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं कळसाला पोचतं तेव्हा हा मोह होतो, म्हणून मुद्दाम सांगतो.

पांढऱ्या भागावर लालभडक डाग दिसले तर घाबरू नका. ऑपरेशनच्या वेळी डोळा धरून ठेवणाऱ्या कड्याच्या दाबाने बारीक रक्तवाहिन्या फुटतात. दोन-तीन आठवड्यांत डाग आपोआप जातात.

थेंब: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

साधारणपणे तीन बाटल्या मिळतात. मॉक्सिफ्लॉक्सॅसिनसारखं अँटिबायोटिक, बहुधा दिवसातून ४ वेळा, एक आठवडा. स्टेरॉइड, ४ वेळांपासून सुरू करून उतरत्या क्रमाने. आणि कृत्रिम अश्रू, म्हणजे ल्युब्रिकंट, सुरुवातीला दिवसातून सहा-आठ वेळा आणि पुढे तीन महिने गरजेप्रमाणे. मोबाइलवर सकाळी ८, दुपारी १२, ४ आणि रात्री ८ असे गजर लावून टाका; औषधाचे थेंब या वेळांना, अश्रू अधल्यामधल्या वेळांना.

हात साबणाने धुवा आणि कोरडे करा. कांदा, मिरची, लसूण हाताळला असेल तर दोनदा धुवा, कारण मिरचीचा तिखटपणा एका धुण्यात जात नाही. स्टेरॉइडची बाटली दुधाळ असेल तर आधी नीट हलवा. औषध तळाशी बसतं. न हलवता घातलं तर सुरुवातीला नुसतं पाणी आणि शेवटी दाट औषध मिळतं. आडवे व्हा किंवा मान मागे टाका. खालची पापणी गालाच्या हाडावरून, डोळ्यावर दाब न देता, हलकेच खाली ओढा. बाटलीचं टोक पापण्यांपासून बोटभर वर धरा आणि एकच थेंब सोडा. दोन घातल्याने फायदा नाही, डोळ्यात एका थेंबापेक्षा जास्त मावतच नाही. मग डोळे हलके मिटून नाकाकडचा कोपरा एक-दोन मिनिटं बोटाने दाबून धरा. औषध घशात उतरत नाही, तोंडाला कडू चवही येत नाही. घट्ट डोळे मिटणं आणि लगेच उघडझाप करणं, दोन्हींनी थेंब बाहेर जातो.

दोन वेगळ्या थेंबांमध्ये किमान ५ मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो. पातळ आधी, जेल किंवा मलम शेवटी.

थेंब डोळ्यात पडला की नाही हेच कळत नसेल तर ल्युब्रिकंट थोडा वेळ फ्रीजच्या दारात ठेवून वापरा. गार थेंब पडलेला लगेच जाणवतो. (लेबलवर गार करू नये असं लिहिलेलं नाही ना, ते पाहा.) बाटली उघडल्याची तारीख पेनाने तिच्यावर लिहा आणि लेबलवर वेगळं काही नसेल तर चार आठवड्यांनी टाकून द्या. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा अश्रू घालायचे असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या, कारण वारंवार घातलेलं प्रिझर्व्हेटिव्ह आधीच दुखावलेल्या पृष्ठभागाला त्रास देतं. छोट्या एकदा वापरायच्या कुप्या दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवू नका. आणि एप्रिल-मेच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर बाटली ठेवू नका. तिथे औषध अक्षरशः शिजतं.

स्टेरॉइडबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो. बरं वाटतंय म्हणून ते मध्येच बंद केलं तर आतली सूज परत येते. बरं वाटतं म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणखी बाटल्या आणल्या तर काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो, तोही न दुखता, आणि त्याने दृष्टीची नस कायमची खराब होऊ शकते. पीआरकेमध्ये स्टेरॉइड महिना ते तीन महिने चालतं, म्हणून तिथे दाब तपासायची एकही भेट चुकवू नका.

झोप, आंघोळ, तोंड धुणं

रात्री प्लास्टिकची शील्ड दोन्ही डोळ्यांवर कागदी टेपने लावायची, किमान सात रात्री; दुपारच्या डुलकीलाही. शील्डची कड कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर टेकली पाहिजे, पापणीला स्पर्श नको. रोज साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. पालथं झोपायची सवय असेल तर पाठीशी उशा लावा. लहान मूल शेजारी झोपत असेल तर पहिले पंधरा दिवस त्याची व्यवस्था वेगळी करा. पापुद्रा सरकण्यामागे तान्ह्या मुलाचं बोट किंवा नख हे नेहमी सापडणारं कारण आहे. कुत्र्या-मांजराच्या पंजाचंही तेच.

सकाळी पापण्या चिकटलेल्या असतील तर बोटांनी उघडू नका. कोरड्या पापणीच्या ओढीने वरची नवी त्वचा सोलून निघते. मिटल्या डोळ्याच्या कोपऱ्यात अश्रूंचा थेंब सोडा, मिनिटभर थांबा, मग सावकाश उघडा. चिपडं आली असतील तर उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून, पिळून, नाकाकडून कानाकडे एकदाच फिरवा आणि तो कापूस टाकून द्या.

आंघोळ पहिल्या दिवशी मानेखालूनच. आपल्याकडे बादली आणि तांब्याने अंघोळ करणाऱ्याला डोक्यावरून पाणी ओतायची इतकी सवय असते की हात आपोआप वर जातो, म्हणून पहिल्या आठवड्यात बसून, खांद्यावरूनच पाणी घ्या. तोंड ओल्या पंचाने पुसा, डोळ्यांची जागा सोडून. केस धुवायचेच असतील तर तीन-चार दिवसांनी, पार्लरमध्ये करतात तसं डोकं मागे टाकून, दुसऱ्या कोणाकडून. नळाच्या, टाकीच्या, विहिरीच्या पाण्यात अकांथअमीबा नावाचा जीव असू शकतो. उघड्या कॉर्नियाला त्याचा संसर्ग झाला तर महिनोन् महिने उपचार चालतात.

गुलाबपाणी, मध, एरंडेल, त्रिफळ्याचं पाणी, तूप, घरचं काजळ: यातलं काहीही डोळ्यात जाऊ देऊ नका. प्रेमाने करणारी आजी असेल तर तिला समजावून सांगा की उघड्या जखमेवर निर्जंतुक नसलेलं काहीच चालत नाही. मस्करा, आयलाइनर, काजळ दोन आठवडे बंद. नंतर वापराल तेव्हा जुनं टाकून नवं घ्या.

पुण्याचा रस्ता

पुण्यात डोळ्यांचा सगळ्यात मोठा शत्रू दुचाकी आहे. चालू बांधकामं, खोदलेले रस्ते, पुढच्या डंपरमधून उडणारी वाळू. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत नजर पुरेशी निघाली तरी पहिला आठवडा स्वतः दुचाकी चालवू नका. मेट्रो, बस, बंद गाडी काहीही चालेल. रात्रीचं चालवणं त्याहून उशिरा, कारण पहिले काही आठवडे समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात आणि अंतराचा अंदाज चुकतो.

सुरू कराल तेव्हा पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, व्हायझर खाली आणि आत गॉगल. दिवसा काळा, संध्याकाळनंतर पांढऱ्या काचेचा, नंबर नसलेला. फक्त व्हायझर पुरत नाही, धूळ खालून आत येते. गॉगल बाजूंनी वळलेला हवा. हेल्मेट चढवताना आणि काढताना डोळे मिटा आणि पट्टे दोन्ही बाजूंना ताणून धरा. आतलं कापड कपाळावरून घासत खाली येतं आणि भुवईखालून डोळ्यावर घसरतं, हे एरवी लक्षातही येत नाही.

पुण्यातल्या मुली चेहऱ्याला स्टोल गुंडाळतात त्याबद्दलही सांगायला हवं. धुळीपासून तो बचाव करतो, पण त्याची वरची कड खालच्या पापणीवर घासते आणि श्वासाची वाफ वर डोळ्यांकडे ढकलते. त्याने डोळे उलट जास्त सुकतात. महिनाभर स्टोल नाकाच्या हाडाखाली बांधा, वर गॉगल घाला, आणि तो रोज धुतलेला वापरा.

गाजरगवताचंही भान ठेवा. १९५० च्या दशकात पुण्यातच ते भारतात पहिल्यांदा ठळकपणे नोंदलं गेलं, आणि पावसाळ्यानंतर मोकळ्या प्लॉटवर अजूनही दिसतं. ज्यांना त्याच्या परागांची अॅलर्जी आहे त्यांच्या डोळ्यांना खाज येते, आणि खाज म्हणजे चोळणं. अॅलर्जी असेल तर सर्जनना ऑपरेशनआधीच सांगा, अॅलर्जीचे थेंब सोबत सुरू करता येतात. चोळणं फक्त पहिल्या महिन्यापुरतं वाईट नाही. पातळ झालेल्या कॉर्नियाला सतत चोळत राहिलं तर तो पुढे फुगण्याचा धोका वाढतो, म्हणून ही सवय जन्मभरासाठी सोडायची आहे. खाज आलीच तर थंड अश्रू घाला किंवा स्वच्छ रुमालात गुंडाळलेला गार पॅक मिटल्या पापणीजवळ, न दाबता, धरा.

तारीख ठरवताना पंचांगही पाहा

ऑपरेशन आणि रंगपंचमी यांमध्ये किमान महिना ठेवा. धुळवडीचंही तेच. गणपतीत ढोल-ताशा पथकात असाल तर सरावाची धूळ, घाम आणि मिरवणुकीतला गुलाल, तिन्ही डोळ्यात जातात. त्या वर्षी वादन सोडा किंवा ऑपरेशन दिवाळीनंतर करा. जेजुरीच्या भंडाऱ्याला हाच नियम. मिरवणुकीतले लेसरचे झोत कोणाच्याच डोळ्यात थेट जाऊ नयेत, ते पडद्याला, म्हणजे रेटिनाला जाळू शकतात. शिवाय विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते आणि पेठांमधले रस्ते बंद असतात. त्या आठवड्यात ऑपरेशन झालं असेल तर दवाखान्यात पोचायचा पर्यायी रस्ता आधीच ठरवून ठेवा.

पावसाळ्यात डोळे येण्याची साथ येते. २०२३ च्या जुलैत आळंदी परिसरात हजारो जणांना झाली होती. अशी साथ सुरू असेल तर तारीख पुढे ढकलणं उत्तम. ऑपरेशन होऊन गेलं असेल तर गर्दी टाळा, टॉवेल, उशी आणि थेंब वेगळे ठेवा. घरात कोणाचे डोळे आले तर त्यांनी तुमचे थेंब घालू नयेत.

स्क्रीन, पंखा, एसी

हिंजवडीतला एसी आणि दहा तासांची स्क्रीन, किंवा पेठेतली अभ्यासिका आणि दहा तासांचं पुस्तक, दोन्ही सारखेच. लेसिक-स्माइलनंतर दोन दिवसांनी थोडं थोडं सुरू करता येतं, पीआरकेनंतर साधारण आठवडा द्या. दर वीस मिनिटांनी लांब पाहा आणि पापण्या पूर्ण मिटून दहा वेळा उघडझाप करा. अर्धवट मिटल्याने अश्रूंचा थर पसरत नाही. स्क्रीन नजरेच्या थोडी खाली ठेवा. एसीची हवा किंवा कूलरचा झोत तोंडावर नको, रात्री पंखा कमी.

स्वयंपाक, व्यायाम, खेळ

फोडणी टाकताना पहिले दोन आठवडे गॉगल घाला. हास्यास्पद दिसेल, पण उडालेली मोहरी पापुद्र्यावर बसली तर हसू येणार नाही. ठेचा आणि मिरची दळणं दुसऱ्याकडे सोपवा.

चालणं तिसऱ्या दिवसापासून. जिम आठवड्यानंतर, कपाळाला घाम टिपणारा पट्टा बांधून. शीर्षासन महिनाभर नाही, त्यात डोळ्यांतला दाब वाढतो. जलनेतीही नको. सिंहगड दोन आठवड्यांनी, वारं आणि धूळ पाहून. पोहणं महिन्यानंतर, तेही पोहण्याचा गॉगल लावून. बॅडमिंटनचं फूल डोळ्याच्या खोबणीत नेमकं बसेल एवढं असतं, म्हणून महिन्यानंतरही पॉलिकार्बोनेटचा गॉगल लावूनच खेळा. कुस्ती, कबड्डी, बॉक्सिंग खेळणाऱ्याने मुळात पापुद्र्याचं ऑपरेशन निवडूच नये. पीआरके किंवा स्माइलबद्दल आधी विचारा. तालमीतल्या मातीत किती दिवसांनी उतरायचं ते सर्जननी डोळा पाहून सांगितल्यावरच.

पीआरकेवाल्यांसाठी वेगळं

संरक्षक लेन्स स्वतः काढायची नाही. निसटून पडली तर धुऊन परत बसवायची नाही, फोन करायचा. पहिल्या आठवड्यात नजर वर-खाली होते आणि पाचव्या दिवशी तिसऱ्यापेक्षा धूसर दिसू शकतं, कारण नवी त्वचा कडांकडून येऊन मध्यभागी मिळते आणि तिथे काही दिवस उंचवटा राहतो. तीक्ष्ण नजर यायला महिनाही लागतो. ऊन मात्र गंभीरपणे घ्या. अतिनील किरणांनी कॉर्नियावर धुकट डाग येऊ शकतो. किमान सहा महिने, ढगाळ दिवशीसुद्धा, ‘यूव्ही ४००’ लिहिलेला बाजूंनी वळलेला गॉगल आणि टोपी. नुसती काळी काच पुरत नाही; शंका असेल तर चष्म्याच्या दुकानात मीटरवर तपासून घ्या.

केव्हा पळायचं

कमी होत चाललेलं दुखणं परत वाढलं. काल स्पष्ट दिसत होतं, आज धुरकट. उजेड सहन होत नाही. पिवळा-हिरवा स्राव. बुबुळावर पांढरा ठिपका. डोळ्याला मार लागला किंवा बोट गेलं आणि नजर बदलली. यातलं काहीही झालं तर तासांत दाखवा, सोमवारची वाट पाहू नका. सरकलेला पापुद्रा काही तासांत नीट बसवता येतो. दिवस गेले तर घड्या पक्क्या होतात. पापुद्र्याखालची निर्जंतुक सूज बहुधा पहिल्या पाच दिवसांत येते, सुरुवातीला फारशी दुखत नाही आणि वेळेत स्टेरॉइड वाढवलं तर उतरते. म्हणूनच पहिल्या आठवड्यातल्या भेटी चुकवायच्या नसतात. सर्जनचा तातडीचा नंबर घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. ते सापडले नाहीत तर ससूनचा अपघात विभाग चोवीस तास उघडा असतो. जाताना डिस्चार्ज कार्ड आणि थेंबांच्या बाटल्या सोबत न्या, आणि डोळा बांधून दाब देऊ नका; शील्ड लावा.

काळे ठिपके अचानक वाढले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूने पडदा आला तर त्याचा लेसरशी सहसा संबंध नसतो, तो रेटिनाचा इशारा आहे. नंबर गेला तरी मोठ्या मायनस नंबरचा लांबट डोळा तसाच राहतो. त्यामुळे वर्षातून एकदा थेंब घालून रेटिना तपासून घ्यायची सवय चष्मा गेल्यावरही सोडू नका.

फाइल

ऑपरेशनआधीचा नंबर, कॉर्नियाची जाडी आणि वक्रता, ऑपरेशनचा प्रकार आणि किती दुरुस्ती केली, एवढ्या नोंदींची प्रत मागून घ्या. तिचे फोटो काढून स्वतःला ईमेल करा आणि मूळ कागद जन्मदाखल्याच्या फाइलमध्ये ठेवा. लेसरनंतर कॉर्निया पातळ होतो, म्हणून डोळ्याचा दाब यंत्रावर खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि काचबिंदू निसटू शकतो. पुढे मोतीबिंदूच्या वेळी आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढतानाही नेहमीची सूत्रं चुकतात. तेव्हा डॉक्टर दुसरे असतील, दवाखाना कदाचित बंदही झालेला असेल, आणि त्यांना लागणारे आकडे त्या एका कागदावरच असतील.